बाकी नेहमीचंच

गोडादरा, सुरत
१४ जून २०२५

मास्तर,

आधी बसून घ्या. हे पत्र मी लिहिलंय. मी म्हणजे मीच, वाल्मिक. तुम्ही दिवाळीनंतर अमळनेरला राहायला गेलात तेव्हापासून माझ्या कागदांना कोणी वाली उरला नव्हता. आता मी मोबाइलसमोर बोलतो आणि तो अक्षरं पाडतो. मग कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला छापून देतो. सही तेवढी माझ्या हातची, तुम्ही शिकवलेली, 'वा'च्या शेपटाला गाठ मारलेली.

ही विद्या मला गायत्रीनं शिकवली. तिला सांगितलं, डोळ्यांचा नंबर वाढलाय, अक्षर दिसत नाही. नातीला खरं वाटलं. खिशातला चष्मा अजून खिशातच आहे. तो साध्या काचेचा आहे हे मालतीला आणि तुम्हाला, दोघांनाच माहीत. चाळीस वर्षांत तिसऱ्या माणसाला कळू दिलं नाही. मिस्त्री होतो तेव्हाही नाही, आणि आता स्वतःचं लूमचं खातं आहे तेव्हा तर नाहीच नाही.

यंत्र हुशार आहे, पण आपला धंदा त्याला कळत नाही. मी म्हटलं, "खात्यात सुताचा नवा बीम चढवला." त्यानं लिहिलं, "खात्यात सुताचा नवा भीम चढवला." गायत्री हसून हसून लाल. दुसरी गंमत म्हणजे लूमच्या खटखटाटात त्याला काही ऐकू येत नाही. मला येतं. मी दारातून सांगतो कोणत्या लूमचा धोटा अडतोय. म्हणून ऑफिसचं दार लावून बोलावं लागतं. काल मालती डोकावून म्हणाली, "काय बोली ऱ्हायनात त्या डब्बासंगे?"

आता कामाचं. गायत्री दहावीला गेली. तिचं तुम्हाला ठाऊक आहे. तोंडी विचारा, घडाघडा सांगते. पुस्तक उघडलं की अक्षरं जागा सोडतात म्हणते. अशा मुलांसाठी शाळेत जानेवारीपासून योगिताबेन म्हणून बाई आल्यात. त्यांनी तिला टॅबलेट दिला. पानावर धरला की तो कानात वाचून दाखवतो आणि वाचतो तो शब्द पिवळा करतो. पोरीला वार्षिक परीक्षेत विज्ञानात बासष्ट मिळाले. आधीच्या वर्षी एकवीस होते.

बोर्डाच्या परीक्षेतही टॅबलेट आणि जास्तीचा वेळ मिळतो. पण त्यासाठी गेल्या वर्षी शाळेनं केलेल्या यादीत नाव लागतं. योगिताबेन म्हणतात, यादीत गायत्री नाही. मास्तर, गेल्या ऑगस्टमध्ये शाळेचा कागद आला होता. तुम्ही माझ्या ओट्यावर बसून वाचलात. म्हणालात, "सवलतीचा फॉर्म आहे, सही कर. बाकी नेहमीचंच." मी सही केली, तुम्हीच तो शाळेत नेऊन दिलात. तो वर गेला ना? टॅबलेट नसेल तर पोरगी दहावी निघत नाही. तुम्हाला मी काय सांगू, दुसरी ते चौथी तुमच्याच वर्गात होती.

तुमचा
वाल्मिक


अमळनेर
२६ जून २०२५

प्रिय वाल्मिक,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा आनंदानं, एकदा लाल पेन घेऊन. एकूण सतरा चुका निघाल्या. भीमाला मात्र हात लावला नाही. तो खात्यात चढलेलाच बरा वाटतो.

कागदाचं म्हणशील तर तो गेलाच असेल. ऑफिसात कागद कसे फिरतात ते मी चौतीस वर्षं पाहिलं आहे. यादीत नाव नसेल तर नसेल, त्याच्या मागे लागू नकोस. खरं सांगू का, यंत्रानं वाचून दाखवणं याला वाचन म्हणत नाहीत. ते ऐकणं झालं. पोरीला पहाटे उठव. बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लाव. एक धडा दहा वेळा. डोकं चांगलं आहे तिचं, सवय नाही एवढंच.

आणि एक लक्षात ठेव. नावापुढे असा शिक्का एकदा बसला की तो लग्नाच्या बैठकीपर्यंत मागे येतो. आपले लोक काय बोलतात हे तू माझ्याहून जास्त ऐकलं आहेस.

बाकी नेहमीचंच.

मारुती


गोडादरा, सुरत
८ जुलै २०२५

मास्तर,

तुमचं अक्षर छापल्यासारखं. त्यामुळे मोबाइल ते एका दमात वाचतो. आत एक बाई बसलेली आहे, बसस्टँडवर गाड्या पुकारतात तसला आवाज. "एकूण सतरा" म्हणाली तेव्हा मला वाटलं सतरा नंबरची गाडी फलाटावर लागली.

शेवटी तिनं "बाकी नेहमीचंच" म्हटलं आणि माझे कान उभे राहिले. तीस वर्षं हे दोन शब्द तुमच्या तोंडून ऐकतोय. तुम्ही ते कागदाची घडी घालत म्हणायचात. तिनं घडी घातली नाही. कानाला कसंतरीच झालं. असो, सवयीचा भाग.

तुम्ही म्हणता ते ऐकणं झालं, वाचन नव्हे. मग मी आयुष्यभर काय केलं? ऐकूनच खातं उभं केलं. परवा गायत्रीनं डोळ्याचा धडा ऐकला. लगेच मालतीला धरलं. "आजी, डोळे मोठे कर." टॉर्च मारला आणि मला म्हणाली, "आबा, बघा, बाहुली बारीक झाली." मालती ओरडतेय, "मन्हा डोयाले काय करी ऱ्हायनी वं!" आणि ही तिच्या डोळ्यात बघत सगळा धडा सांगून मोकळी. बोट ठेवून दहा वेळा वाचून हे झालं नसतं, मास्तर. तसं आम्ही नऊ वर्षं करून पाहिलं.

वर्गात पोरं तिला 'रेडिओ' म्हणतात. एकाला तिनं ऐकवलं, "मी रेडिओ तर रेडिओ. तुझं तर स्टेशनच लागत नाही." घरी येऊन मात्र टॅबलेट दप्तराच्या तळाशी, पुस्तकांखाली ठेवते. त्याचा आवाजही मला ऐकू येतो.

ऐका. योगिताबेननी खटपट केली. यादीत नाव घालायची अजून एक संधी आहे, ३१ जुलैपर्यंत. डॉक्टरांनी तपासून दाखला दिलाय. आता फक्त जुन्या शिक्षकाचं पत्र हवं, की मुलीला ही अडचण लहानपणापासून आहे. तिला अक्षर ओळख तुम्ही दिलीत. तुमच्याशिवाय हे कोण लिहिणार? चार ओळी पुरेत. आपल्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे पाकीट द्या, सकाळी मी गाडीवर उभा राहीन.

वाल्मिक


अमळनेर
२१ जुलै २०२५

प्रिय वाल्मिक,

पत्र सोबत आहे. पाकीट बंद केलं असून वर मुख्याध्यापकांचं नाव घातलं आहे. असंच त्यांच्या हाती दे. शिक्षकानं शाळेला लिहिलेलं पत्र पालकांनी उघडायचं नसतं, तसा रिवाज आहे. जे योग्य वाटलं ते लिहिलं आहे. मी तुमच्या घरचं कधी वाईट चिंतलं नाही, एवढं ध्यानात असू दे.

मारुती


गोडादरा, सुरत
१ ऑगस्ट २०२५

मास्तर,

पाकीट मी उघडलं नाही. आधी हे सांगतो, कारण उघडलं असतं तर तुम्ही त्याच्याच मागे लपला असता.

तीस तारखेला शाळेत गेलो. मी, गायत्री, योगिताबेन आणि मुख्याध्यापक साहेब. साहेब फोनवर होते म्हणून त्यांनी पाकीट योगिताबेनकडे सरकवलं. त्या मोठ्यानं वाचू लागल्या. "कुमारी गायत्री ही माझी दुसरी ते चौथीची विद्यार्थिनी. स्वभावाने शांत. हजेरी नियमित." आणि थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाकी ठीक आहे, आबा."

बाकी.

मास्तर, मला अक्षर कळत नाही, पण कागद कळतो. पानाच्या दोन्ही बाजूंना शाई होती आणि आवाज तीन ओळींत संपला. धोटा अर्ध्यात अडकला की मला बघावं लागत नाही. मी म्हटलं, "गायत्री, टॅबलेट धर त्याच्यावर." योगिताबेननी अडवलं, "रेहवा दो ने, आबा." मी म्हटलं, "धर. आणि कानातली वायर काढ. सगळ्यांना ऐकू दे."

ती बाई वाचू लागली. त्याच आवाजात. ती कोणासाठी अडखळत नाही.

"परंतु वाचनातील मागासलेपण हे आळस व सरावाचा अभाव यांमुळे असून जन्मजात अडचण माझ्या निदर्शनास आलेली नाही. यांत्रिक साधनाची शिफारस मी करू शकत नाही. सदर विद्यार्थिनीच्या पालकांनी गतवर्षी ही सवलत स्वेच्छेने लेखी नाकारली आहे, हेही नमूद करतो."

साहेबांनी फोन ठेवला. गेल्या वर्षीची फाइल काढली. त्यात आमचा फॉर्म होता. दोन चौकोन, 'सवलत हवी' आणि 'सवलत नको'. खूण 'नको'च्या चौकोनात. त्याखाली छापलेलं, वाचून व समजून सही केली आहे. त्याखाली माझी सही, शेपटाला गाठ मारलेली.

हे सगळं पोरीनंच धरलेल्या टॅबलेटनं वाचून दाखवलं. तिनं टॅबलेट खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "आबा, तुम्ही नको म्हणालात?"

तुमचा हिशेब मला तिथे उभ्या उभ्या कळला. तुम्हाला माहीत होतं की मी गप्प बसेन. ज्यानं चाळीस वर्षं कोणाला कळू दिलं नाही, तो आता भर ऑफिसात काय सांगणार? "चष्मा विसरलो होतो, चुकून झालं" म्हणेल. साहेब म्हणतील, सही तर तुमचीच आहे. की संपलं. माझी लाज कुठे ठेवलेली आहे हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही नेमका तिथेच पाय दिलात.

हात खिशात गेला होता, खोटं बोलत नाही. चष्मा काढला. डोळ्यांना लावला नाही, साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "साहेब, ह्या खिडकीच्या काचा आहेत. नंबर नाही त्यांना." पुढचं मराठी सुचेना. आईची बोली आली तोंडात. "माले वाचता येत नई."

मी पोरीकडे बघत नव्हतो. तीच बोलली. "मला माहीत होतं, आबा."

"कधीपासून?"

"पाचवीपासून. तुम्ही पेपर धरता, पण डोळे फिरत नाहीत. मी पण वर्गात तसंच करायचे."

साहेब माणूस बरा निघाला. माझं म्हणणं स्वतःच्या हातानं लिहिलं, मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "साहेब, राग मानू नका, एकदा टॅबलेटकडून ऐकतो." तेही ऐकलं. मग सही केली. डॉक्टरांचा दाखला, योगिताबेनचा अहवाल आणि माझं म्हणणं, असा अर्ज काल वर गेला. तुमचं पत्र साहेबांनी लावलं नाही. पण परवानगी मिळेलच असं कोणी सांगत नाही. एकदा दिलेला नकार पुसायला वेळ लागतो म्हणतात.

मास्तर, भांडायला लिहीत नाही. एकच विचारायचं आहे. त्या दिवशी ओट्यावर तुम्ही त्या चौकोनात खूण केलीत, तेव्हा मी शेजारी बसून तुमच्या बशीत चहा ओतत होतो. तुमचा हात जरासुद्धा थांबला नाही का?

वाल्मिक


अमळनेर
१४ ऑगस्ट २०२५

वाल्मिक,

आठ दिवस रोज लिहायला बसतो आणि फाडतो.

पहिल्यांदा लिहिलं होतं की मी पोरीच्या भल्यासाठी केलं. शिक्का, लग्न, लोक. ते सगळं खोटं नाही, पण ते कारणही नाही. तुझे कान मला माहीत आहेत. तू ते वाक्य ऐकताच ओळखशील.

तो फॉर्म दोन पानी होता. पहिल्या पानावर ते चौकोन होते. दुसऱ्या पानावर एक प्रश्न होता. 'ही अडचण प्रथम कोणत्या इयत्तेत, कोणत्या शिक्षकाच्या लक्षात आली?'

तिच्या दुसरीच्या वर्गात माझ्याकडे लाकडी पट्टी होती. 'ब' आणि 'व' यांत चुकली की बोटांवर एक. 'घ' आणि 'ध' यांत चुकली की एक. तीन वर्षं. ती रडायची नाही, बोटं मांडीखाली दाबून बसायची. मला वाटायचं, हट्टी आहे. तुझ्याच ओट्यावर तुला सांगायचो, "पोर हुशार आहे पण ऐकत नाही." आणि तू म्हणायचास, "मास्तर, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

अडचण जन्मापासूनची आहे असं मी लिहून दिलं असतं, तर मग मी तीन वर्षं कशाला मारलं? त्या प्रश्नासमोर माझं नाव लिहायला हात चालला नाही. म्हणून पहिल्या पानावर 'नको' केलं. 'नको' केलं की दुसरं पान भरावं लागत नव्हतं. यंदा तू पत्र मागितलंस तेव्हा तोच प्रश्न पुन्हा समोर आला, आणि मी पुन्हा तेच केलं.

तू विचारलंस, हात थांबला का. थांबला होता. तू म्हणालास, "मास्तर, चहा निवतोय."

हे पत्र पोरीला ऐकवू नकोस, एवढी विनंती आहे.

मारुती


गोडादरा, सुरत
५ ऑक्टोबर २०२५

मास्तर,

उत्तराला उशीर झाला. दोन गोष्टींची वाट बघत होतो.

पहिली आली. गायत्रीला परवानगी मिळाली. टॅबलेट आणि जास्तीचा वेळ, दोन्ही. कागद तिनंच घरात सगळ्यांना बसवून वाचून दाखवला, टॅबलेट धरून, वरच्या जावक क्रमांकापासून खालच्या 'प्रत माहितीसाठी रवाना'पर्यंत. मालती म्हणाली, "बस झाय ना वं आते." पोरगी म्हणाली, "नाही आजी, सगळं वाचायचं." आता टॅबलेट दप्तरात वरच्या कप्प्यात असतो.

तुमचं पत्र मी तिला ऐकवलं. तुम्ही नको म्हणाला होतात. पण लपवून वाचणं हे तुमचं काम होतं, मी ते तुमच्याकडून शिकणार नाही. तिनं सगळं ऐकलं. थोडा वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसली. मग म्हणाली, "सरांना कळवा, ब आणि व अजून चुकतात." एवढंच.

दुसरी गोष्ट माझी. माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. तुम्ही वाचलेला प्रत्येक कागद मी जपून ठेवलाय, हे तुम्हाला माहीत नसेल. ज्याला वाचता येत नाही तो काही फेकत नाही. दीड महिना रोज दुपारी खात्याच्या ऑफिसात दार लावून एकेक कागद त्या बाईकडून ऐकला. महापालिकेच्या नोटिसा, पोराचे, प्रशांतचे, शाळेचे दाखले, लूमचे परवाने. मी तुम्हाला पकडायलाच बसलो होतो. तुम्ही काय काय गाळलं, कुठे कुठे फिरवलं. तुम्ही वाचलेलं सगळं माझ्या कानात जसंच्या तसं आहे, फक्त ताडून बघायचं होतं.

काही निघालं नाही, मास्तर. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तुम्ही "बाकी नेहमीचंच" म्हणायचात तिथे खरंच नेहमीचंच असायचं. नियम, अटी, शिक्के.

तळाशी आईचं शेवटचं पत्र होतं, चिंधा पोस्टमननं लिहून दिलेलं. त्यात तिच्या दुखण्याची ओळ आहे. ती ओळ वाचायच्या आधी तुम्ही थांबला होतात. उठून आत गेलात, मला पाणी आणून दिलंत, मग वाचलंत. ती बाई थांबली नाही. सरळ वाचून गेली.

तुम्ही आयुष्यभर चोर असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्हाला शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. तीस वर्षांत फसवायला तुम्हाला शंभर कागद मिळाले होते, ते सगळे तुम्ही खरे वाचलेत. आणि जो एक कागद खोटा वाचलात तो माझ्या नातीचा होता. एक सोडला तर बाकी नेहमीचंच. त्या एकाचं काय करायचं, ते मला पेटीतल्या कुठल्याच कागदानं सांगितलं नाही.

यापुढे तुमच्याकडे कागद येणार नाहीत. सुरतेला आलात तर ओटा आहे, चहाही मिळेल. बशीत तुमचा तुम्ही ओतून घ्या.

हे पत्र छापून आल्यावर दोनदा ऐकलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. भीम वगैरे काही घुसला नाही ना, ते गायत्रीनं तपासलं. मग खाली सही केली. तुम्ही शिकवलेलीच आहे, दुसरी मला येत नाही. शेपटाची गाठ तेवढी सोडून दिली.

वाचून नाही. ऐकून आणि समजून सही केली आहे.

वाल्मिक